शालनबाय आणि अस्नोड्याचं वळण

वर्गात जाण्याआधी शालनबाय टीचर्स रूमच्या खिडकीशी उभ्या राहून खडूच्या भुकटीनं बोटं घासायच्या. नखांत अडकलेलं काळं ग्रीस खडूनं सुटतं, हा त्यांचा शोध. हात पांढरे झाले की पदर खोचायचा, हजेरी उचलायची आणि नववीला भूमिती शिकवायला निघायचं. मी शाळेत रुजू झालो त्या दिवशी हेडमास्तर माझ्या कानाशी लागून म्हणाले, "गणिताच्या बाई. हुशार आहेत, पण अंमळ वेगळ्या."

शाळा डिचोली तालुक्यात, आसपास खाणी. त्या पेडण्याच्या, मी धारगळचा. त्यांच्याकडे वडिलांची पोर्तुगीज अमदानीतली जुनी गाडी होती, स्टिअरिंग डाव्या बाजूला. बसचा भरवसा नसल्यामुळे मी, हेडमास्तर आणि शाळेचे कारकून असे तिघं त्यांच्या गाडीतून येऊ-जाऊ लागलो. बाई लग्नाच्या फंदात पडल्या नव्हत्या. घरी अंथरुणाला खिळलेली आई आणि त्या. गाडीची लहानमोठी दुरुस्ती स्वतःच करायच्या.

त्यांचा एक शब्द शाळेत सगळ्यांना पाठ होता : "मेजलां?" म्हणजे, मोजलं का? कुणी म्हणालं, यंदा पोरं फार नापास झाली, की बाई विचारणार, "मेजलां?" कारकून म्हणाले, खाणीच्या ट्रकांमुळे तांबडी धूळ वाढली, की "मेजलां?" ते दिवस मराठी की कोंकणी या वादाचे होते. टीचर्स रूममध्ये चहाचे कप आपटले जायचे. एकदा दोन्ही बाजूंनी बाईंना कौल मागितला. वह्या तपासता तपासता मान वर न करता त्या म्हणाल्या, "त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोनूय भाशांनी एकशें ऐंशीच जाता." आणि पुन्हा लाल पेन्सिल चालू.

एका सकाळी हेडमास्तर आणि कारकून रजेवर होते. गाडीत बाई आणि शेजारी मी. अस्नोड्याच्या पुढे उजवीकडे वळणारा एक रस्ता होता. कोरडा रस्ता, वेग नेहमीचा. बाईंनी चाक फिरवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. पण गाडी वळलीच नाही. नाक सरळ ठेवून ती रस्ता सोडून काजूच्या बागेत घुसली आणि एका झाडाला टेकून थांबली. माझ्या खांद्याचं हाड मोडलं. बाईंच्या कपाळावर खोक पडली. पदरानं रक्त दाबून धरत त्या पहिलं वाक्य बोलल्या, "हांवें चाक घुंवडायलें. गाडी घुंवली ना."

पण गावभर वेगळंच पसरलं. बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं, असं जो तो म्हणू लागला. हेडमास्तर मला बघायला घरी आले. मला नोकरीत कायम करण्याचा कागद तेव्हा त्यांच्याच टेबलावर होता. खुर्ची ओढून त्यांनी विचारलं, "गाडी जरा जोरात होती ना हो, मास्तर?" मी खाली बघून म्हणालो, "थोडी होती."

त्या दोन शब्दांवर शालनबायंच्या सर्व्हिस बुकात शेरा पडला : निष्काळजीपणे वाहन चालवून सहकाऱ्यास इजा. पुढच्या वर्षी उपमुख्याध्यापकाची जागा भरायची होती आणि सेवाज्येष्ठतेत बाई पहिल्या होत्या. हे मला माहीत होतं, हेडमास्तरांनाही माहीत होतं.

पंधरवड्यानंतर एका रविवारी बाई माझ्या दारात उभ्या राहिल्या. कपाळावर टाके. मी काय बोललो ते त्यांना कळलेलं होतं. चेहऱ्यावरून दिसत होतं. "मास्तर, शाळेच्या मैदानार येयात. चुनो हाडात." खांदा झोळीत आणि हातात चुन्याची पिशवी घेऊन मी निघालो. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

मैदानावर त्यांनी, ठोकठाक करून चालती केलेल्या गाडीचं स्टिअरिंग एका बाजूला वळवून दोरीनं घट्ट बांधलं आणि गाडी सावकाश गोल फिरवली. चाकाच्या खुणेवर मी चुना टाकला. मग दोरी तशीच ठेवून वेग थोडा वाढवला. गोल मोठा झाला. आणखी वाढवला, आणखी मोठा. तीन चुन्याचे गोल, एकाबाहेर एक. बाई खाली उतरल्या, गोलांकडे बोट दाखवलं. "पळयात. चाक बांदलेलें आसा, तरी गाडी भायर वता. वेग वाडलो की फुडलीं चाकां घसरतात आनी ती सरळ धांवता." टेप काढून त्यांनी गोलांमधली अंतरं मोजून लिहिली आणि वही माझ्यापुढे केली. साक्षीदार म्हणून मी सही केली.

नवे भाग मुंबईहून मागवणं त्यांच्या ऐपतीबाहेरचं होतं. म्हणून त्यांनी डिचोलीच्या बाबनी मेस्तला गाठलं. हा सावंतवाडीकडचा माणूस, खाणीचे ट्रक दुरुस्त करून साठी गाठलेला. गाडीखाली झोपून त्यानं निदान केलं, "बाय, हाडां बरी आसत. सांधे झिजले." पुढच्या चाकांना धरणाऱ्या दांड्यांची रबरं पार खल्लास झाली होती. वळणावर चाकं बाहेरच्या बाजूला कलंडत होती. खाणीत माल वाहणाऱ्या पट्ट्याचं फेकून दिलेलं जाड रबर बाबनीनं आणलं, बाईंनी वहीतल्या मापानं त्याच्या चकत्या कापल्या. चाकांचा माथा किंचित आत झुकावा म्हणून दांड्यांमागे पत्र्याच्या पातळ चकत्या बसवल्या.

फरक पडला, पण थोडाच. मग बाईंनी मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये आणखी एक पाटा घालायला लावला. मैदानावर गेलो तर भलतंच. वळताना गाडीचं शेपूट बाहेर पडायला लागलं. बाबनी ओरडला, "गो बाय, आता मागसून नाचता!" बाईंनी त्याच दिवशी पाटा काढून टाकला. "चुकलें," म्हणाल्या, आणि वहीत तसंच लिहिलं : चुकलें. शेवटी भंगारातल्या एका जीपची पोलादी सळई सापडली, दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी, वळणावर गाडी एका अंगाला कलू न देणारी. लांबी जवळपास जुळली, बाबनीनं ती बसवण्यासाठी तिला नवे कान वेल्ड केले. त्या रविवारी दोरी बांधून वेग वाढवला तर तिन्ही गोल जवळजवळ एकावर एक पडले. बाबनीनं विडी फेकली आणि टाळ्या वाजवल्या. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आतां समितीक आपयतां."

आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीला खरंच बोलावलं. संस्थेच्या अध्यक्षांना लेखी अर्ज : शेरा टाकण्यापूर्वी गाडी तपासली नव्हती, आता तपासा. दोनदा उत्तर आलं नाही. तिसऱ्या अर्जाला सगळे मैदानावर आले, करमणूक म्हणून असेल. बाईंनी आधी सळई सोडवली, जुनी झिजलेली रबरं परत घातली आणि गोल काढले. मग सगळं पुन्हा बसवून गोल काढले. सबंध दुपार गेली. कुणी घरी गेलं नाही.

अध्यक्ष चुन्याच्या रेषांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळले. "पण मास्तर, गाडी जोरात होती असं तुम्हीच म्हणाला होतात."

हेडमास्तर माझ्याकडे बघत होते. शालनबाय मात्र पान्हे पुसून फडक्यात गुंडाळत होत्या, माझ्याकडे पाहत नव्हत्या.

"मी खोटं बोललो," मी म्हणालो. "वेग रोजचाच होता. नोकरीची भीती होती."

शेरा खोडला गेला. उपमुख्याध्यापकाची जागा मात्र बाईंना मिळाली नाही. ती कारकुनाच्या मेहुण्याला मिळाली. बाईंनी त्यानं वाटलेले पेढे खाल्ले आणि त्याच्या तोंडावर सांगितलं, "ही जागा म्हजी. तुमी फकत बसल्यात." मी कायम झालो, पण दीड वर्ष उशिरा.

भाषेच्या आंदोलनात रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बस बंद झाल्या. एक दिवस रस्ता मोकळा झाला, पण बस नव्हतीच. अपघातानंतर त्या गाडीत न बसलेले हेडमास्तर गाडीपाशी येऊन खाकरले. बाईंनी दार उघडलं. अस्नोड्याचं वळण त्यांनी मुद्दाम त्याच वेगात घेतलं. गाडी रेघ मारल्यासारखी वळली. हेडमास्तरांनी घट्ट धरलेली सीट सोडली आणि म्हणाले, "रस्ता बरा केलाय आता."

बाईंनी गाडी कडेला घेऊन थांबवली. "रस्तो न्हय. गाडी. म्हणात."

"अहो बाई, शाळेला उशीर..."

"जांव." होऊ दे उशीर, असा बाईंचा सूर.

मागच्या ट्रकनं हॉर्न वाजवला. पाच मिनिटं तरी गेली असतील. शेवटी हेडमास्तर पुटपुटले, "गाडी." बाईंनी गिअर टाकला.

गोवा घटक राज्य झालं, पुढे बाई निवृत्त झाल्या. आई आधीच गेली होती. गाडी त्यांनी बाबनीच्या स्वाधीन केली, कारण डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मग हृदयाचं दुखणं निघालं. एका सकाळी शेजाऱ्यांचा निरोप आला म्हणून पेडण्याला गेलो. भाड्याची व्हॅन करून त्यांना पणजीला न्यायचं ठरलं. मागच्या सीटवर त्या आडव्या, डोकं माझ्या मांडीवर, ओठ निळसर. म्हापशाच्या अलीकडे त्यांनी डोळे उघडले.

"ड्रायव्हर."

"कितें गे माये?"

"फुडल्या दाव्या चाकांत वारो उणो आसा. ओडटा."

ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी त्याला खूण केली, चला. बाईंनी नाराजीनं मान फिरवली.

त्यांना दाखल करून मी त्याच व्हॅनमधून परत निघालो. वाटेत पंपावर ड्रायव्हरनं पुढच्या डाव्या चाकाला मीटर लावलं आणि बसल्या बसल्या मोठ्यानं हसला. "हवा खरंच कमी निघाली की हो! त्यांना सांगा हां."

उद्या सांगतो, मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा त्यांच्या रिकाम्या खाटेवर नवी चादर घातलेली होती. सांगायचं राहिलं. पण सांगून तरी काय नवं कळणार होतं त्यांना?