न फोडलेली घडी

हॅलिफॅक्समध्ये विल्फ्रेड गार्साइड चाळीस वर्षं जुन्या पुस्तकांची बांधणी करायचा. माणूस मुलखाचा सरळ. गरजेपेक्षा एक टाका जास्त घालणार नाही, आणि न फोडलेल्या घडीला सुरी तर मुळीच लावणार नाही. पूर्वी मासिकाची पानं घडीतच शिवलेली असत. घेणारा घरी नेऊन कडा फोडायचा आणि मग वाचायचा. संग्राहकांना ती कडा शाबूत लागते. वाचायचं असतंय कुणाला!

त्याच्या आजीने, फ्लॉरीने, बाविसाव्या वर्षी 'द टीझल' नावाच्या त्रैमासिकात एक गोष्ट लिहिली होती. साल १८९३. नवरा आणि दोन मुलं घरात झोपलेली असताना एक बाई पेटी घेऊन पहाटे स्टेशनवर जाऊन उभी राहते, एवढंच. पण गावात गहजब झाला. पाद्रीबुवांनी प्रवचनात अंकावर तोंडसुख घेतलं, तेही न वाचता. फ्लॉरीच्या बापाने गावातल्या दुकानातले सगळे अंक आणून परसात जाळले, त्यानेही वाचला नव्हता. त्रैमासिक तिथेच बंद पडलं. फ्लॉरीने लग्न केलं, पाच मुलं वाढवली आणि पुन्हा लेखणी हातात धरली नाही.

नातवंडांना मात्र ती मटार सोलता सोलता तीच गोष्ट सांगायची. "...आणि गाडी आली," म्हटलं की उठायची आणि चुलीवरचा रस्सा ढवळायला जायची. बाई गाडीत चढली की घरी परतली, हे तिने मरेपर्यंत सांगितलं नाही.

विल्फची थोरली बहीण हिल्डा. जन्म सगळा कापडगिरणीत गेला, आणि आता सत्तराव्या वर्षी छातीने दगा दिला होता. अशात डेनहम नावाचे संग्राहक 'टीझल'चा तोच अंक घेऊन आले. पाठीची शिवण उसवली होती. बाकी घड्या शंभर वर्षं जशाच्या तशा. गोष्टीची शेवटची दोन पानं अशाच एका घडीच्या पोटात होती.

"फक्त एक घडी फोडू का?" विल्फने भीत भीत विचारलं. "आमच्या आजीचं लिखाण आहे."

"अहो, भलतंच काय! फोडली की संपलं. मग उरलं काय त्यात?"

विल्फने घडी जराशी फुगवून आत टॉर्च मारला. 'फलाट' दिसलं, 'तिचा हात' दिसलं, पुढे अंधार. सुरी शेजारीच पडली होती. त्याने शिवण घातली, अंक गुंडाळला आणि पोचता केला.

"वाचलंस?" हिल्डाने चहाचा कप खाली ठेवत विचारलं.

"नाही गं. परवानगी नव्हती."

"परवानगी! आजीच्या गोष्टीला त्या टकल्याची परवानगी?" तिला खोकल्याची उबळ आली. जरा वेळाने ती म्हणाली, "विल्फ, लहानपणी तू जॅमच्या बरणीलाही विचारून हात लावायचास बघ. असू दे. मीच चढवते त्या बाईला गाडीत."

"चढव की."

"पण ते माझं झालं रे. मला आजीचं हवं होतं."

तीन आठवड्यांनी हिल्डा गेली.

पुढच्या वसंतात डेनहमांनी संग्रह लिलावाला काढला. मोठ्या कौतुकाने त्यांनी विल्फला यादी पाठवली, त्याच्या कामाचा उल्लेख होता म्हणून. 'पाठीची दुरुस्ती निष्णात हातांनी केलेली. सर्व घड्या शाबूत. आजवर कुणीही न वाचलेली प्रत.'

शेवटचं वाक्य विल्फने पुन्हा वाचलं. आजीच्या बापाने जाळून जे साधलं, तेच आपण जपून साधलं, हे त्याला कळलं आणि तो टेबलावर डोकं ठेवून रडला. सुरी हाताशीच होती. तेव्हाही होती.