भास्कररावांचं विसर्जन

आधीच हसू नका हं! चहा घ्या, बिस्किट बुडवा. बुडवण्यावरूनच आठवलं मला. आमच्या मंडळाच्या अध्यक्षपदाचा उमेदवार माझ्यामुळे बुडता बुडता राहिला. निवडणुकीत नव्हे हो, पाण्यात!

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही तेव्हा इंग्लंडात ईलिंगला राहायचो. दिलीप, म्हणजे आमचे हे, रेल्वेच्या ऑफिसात आणि मी लायब्ररीच्या एन्क्वायरी डेस्कवर. लोक येऊन काय वाट्टेल ते विचारायचे आणि मी शोधून सांगायचे. त्यामुळे आपल्याला जगातलं सगळं कळतं, असा माझा एक समज झाला होता. तो कसा उतरला तेच सांगते.

आमचं मराठी मंडळ तसं छोटं, पण गणपती जोरात. दरवर्षी एका शाळेच्या हॉलमध्ये बसायचा. त्या वर्षी शाळेने कळवलं, छताचं काम काढलंय, हॉल मिळणार नाही. झालं! गणपती कुठे बसवायचा? आमच्यातली म्हातारी माणसं वर्षभर सुनांच्या घरात खिडकीतून पाऊस बघत बसायची. दहा दिवस काय ती चार माणसांत यायची, मराठीत भांडायची. तेही गेलं तर?

नेमकी त्याच वेळी अध्यक्षपदाची निवडणूक आली. एकीकडे प्रमिलाताई देवस्थळी. हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर. त्यांच्या नुसत्या नजरेने माणसाचा ताप उतरायचा. दुसरीकडे भास्करराव सोमण. रिटायर्ड इंजिनियर, गोल पोट, भारदस्त आवाज आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "काम झालंच म्हणून समजा!"

प्रमिलाताई म्हणाल्या, "हॉल शोधते आहे. मिळेल याची खात्री आज देऊ शकत नाही."

अशाने मतं मिळतात होय? भास्करराव उठले आणि टेबलावर थाप मारून म्हणाले, "हॉल मिळाला! स्टेशनमागचं विटांचं चर्च आहे ना, तिथले पाद्रीबाबा आपल्या खास ओळखीचे. हॉल देतायत. आणि ऐका, विसर्जनाला टाकीसुद्धा! चर्चच्या आत पाण्याची टाकी आहे. काम झालंच म्हणून समजा!"

"चर्चच्या आत टाकी?" प्रमिलाताई म्हणाल्या. "उद्या विहीर आहे म्हणाल, रहाट आहे म्हणाल."

जो गोंधळ उडाला म्हणता! शेवटी ठरलं की दोन्ही उमेदवार जे जे सांगतायत त्याची कुणातरी तटस्थ माणसाने खातरजमा करायची आणि मतदानाआधी सगळ्यांसमोर सांगायचं. तटस्थ माणूस कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एक तर मी लायब्ररीतली. शिवाय दोघांनीही मला आपापल्या नाटकात काम दिलं नव्हतं, त्यामुळे माझा राग अगदी समसमान होता!

प्रमिलाताईंचं काम सोपं होतं. साउथॉलच्या एक बाई उकडीचे मोदक करून देतील, असं त्यांनी सांगितलं होतं. मी गेले, बाईंना भेटले, मोदक खाल्ले. खरं होतं. नीट खात्री व्हावी म्हणून आणखी खाल्ले. खरंच होतं!

मग शनिवारी सकाळी चांगली इस्त्रीची साडी, वर कोट, खांद्याला पर्स अशी मी चर्चमध्ये गेले. पाद्रीबाबा उंच, पिकल्या केसांचे, अतिशय गोड माणूस. रेव्हरंड पार्किन त्यांचं नाव.

आता इथे एक गोष्ट सांगून ठेवते, जी मला तेव्हा ठाऊक नव्हती. त्या चर्चमध्ये मोठ्या माणसांना पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. त्या बुडवण्याला इमर्शन म्हणतात. आणि बुडणाऱ्याला म्हणतात कॅन्डिडेट! बाप्तिस्म्याआधी सगळ्यांसमोर वचनं देतात, ती प्रॉमिसेस.

आणि मी काय म्हणावं? आपल्या विसर्जनालाही इंग्रजीत इमर्शनच म्हणतात ना! अगदी लायब्ररीतल्या इंग्रजीत म्हटलं, "मी आमच्या कॅन्डिडेटच्या प्रॉमिसेसबद्दल आले आहे. त्याला इमर्शन मिळेल, असं तो म्हणतो."

रेव्हरंडच्या चेहऱ्यावर अशी दिवाळी फुटली! "कॅन्डिडेट? या या, बसा! चहा घेणार? कोण आहे कॅन्डिडेट?"

"मिस्टर सोमण. तुम्ही ओळखता ना त्यांना?"

"चटकन चेहरा येत नाही डोळ्यासमोर," ते ओशाळून म्हणाले. "पण आमचं दार सगळ्यांना उघडं आहे."

मी मनात म्हटलं, वय झालंय बिचाऱ्यांचं, विसरले असतील. पुढचा प्रश्न. "इथे खरंच टाकी आहे का?"

ते मला आत घेऊन गेले. व्यासपीठासमोरच्या फळ्या बाजूला केल्या, आणि काय सांगू! खाली निळ्या फरश्यांची देखणी टाकी, उतरायला पायऱ्यासुद्धा! भास्करराव चक्क खरं बोलत होते!

"पूर्ण बुडवता येईल?" मी विचारलं.

"आम्ही पूर्णच बुडवतो," ते अभिमानाने म्हणाले. "अंगाने कसा आहे तो?"

आता बघा इंग्रजीची गंमत. आपल्याकडे बाप्पा 'तो' आणि भास्करराव 'ते'. इंग्रजीत दोघेही 'ही'च! टाकी बघितल्यावर माझ्या डोळ्यापुढे फक्त बाप्पा. ते मात्र सोमणांबद्दल विचारतायत!

"जड आहे," मी म्हटलं. "पोट मोठं आहे ना! चारपाच जण लागतात धरायला. पण सगळ्यांचा फार लाडका."

"मी मदतीला माणसं बोलावतो," परत येऊन चहा ओतताना ते जरा काळजीने म्हणाले.

"आमच्यात तीनदा बुडवतात."

"तीनदा? काही ठिकाणी तशी पद्धत आहे खरी. चालेल."

"आणि मग पाण्यातच सोडतात."

रेव्हरंडचा कप ओठाजवळ थांबला. "सोडतात?"

"हो. मग सगळं हळूहळू विरघळून जातं. शेवटी उरते फक्त माती."

त्यांनी कप खाली ठेवला. डोळे पाणावले हो त्यांचे! म्हणाले, "माती! इतकी वर्षं मी प्रवचनं देतोय, पण इतक्या सुंदर शब्दांत हे कुणी सांगितलं नव्हतं."

मी साडीचा पदर सारखा केला. आपलं इंग्रजी चांगलं आहे, हे मला माहीतच होतं.

"फक्त आधी तो निवडला गेला पाहिजे," मी म्हटलं. "मिस्टर सोमण म्हणते मी."

"माय डिअर," ते माझ्या हातावर थोपटून, वर आभाळाकडे बघत म्हणाले, "तो तर केव्हाच निवडला गेलाय."

अरेच्चा! मतदान व्हायच्या आधी? भास्कररावांची पोहोच बघा! मी गडबडीने म्हटलं, "रविवारी आमची सभा आहे. तुम्ही याच. तिथे भेटतील ते."

"नक्की येतो. आणि त्याला लागणारं सगळं घेऊन येतो."

मी तरंगत घरी आले. दिलीपला सांगितलं. तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "शुभा, भास्करराव खरं बोलले? परत एकदा विचारून ये."

"मी स्वतःच्या डोळ्यांनी टाकी बघितलीय!" मी म्हटलं. तटस्थ माणसाने घरच्यांचंही ऐकायचं नसतं.

रविवार आला. कम्युनिटी सेंटरची खोली खच्चून भरलेली. टेबलावर गणपतीची तसबीर, हार, उदबत्ती. मी उभी राहिले, घसा खाकरला आणि जाहीर केलं, "भास्कररावांचा शब्द मी तपासून पाहिला. टाकी आहे. पाद्रीबाबांची पूर्ण संमती आहे. ते स्वतः येतायत!"

टाळ्यांचा कडकडाट! सगळे खूष, फक्त एकच माणूस पांढराफटक पडला. भास्करराव! ते माझ्याकडे असे बघत होते की जणू मी त्यांच्याच खिशातून ससा काढून दाखवला. मला वाटलं, गहिवरले असतील.

तेवढ्यात दार उघडलं. रेव्हरंड पार्किन आणि मागे चर्चच्या दोन बायका. एकीच्या हातात टॉवेल, दुसरीच्या हातात घडी घातलेलं पांढरंशुभ्र काहीतरी.

"मिस्टर सोमण कोण?"

भास्कररावांनी भीत भीत हात वर केला. रेव्हरंडनी तो दोन्ही हातांत घेतला. "वेलकम, ब्रदर! केव्हापासून भेटायची इच्छा होती."

झालं, भास्कररावांच्या जिवात जीव आला. छाती पुढे काढून म्हणाले, "सेम हिअर, सेम हिअर! सगळं तुम्ही म्हणाल तसं!"

मग त्या बाईने घडी उलगडली. लांब पांढरा झगा! आता आपण मराठी माणसं. सभेत कुणी अंगावर कापड घालायला आलं की आपण काय समजतो? सत्कार! भास्कररावांनी मान लववली, हात पुढे केले आणि झगा घालून घेतला. पुन्हा टाळ्या! कुणीतरी नारळ शोधायला धावलं. मागून एकजण म्हणाला, "बघा, इंग्रजांनासुद्धा आपली रीत कळली!"

भास्करराव पायघोळ झग्यात गोल फिरून सगळ्यांना नमस्कार करतायत, बाई कमरेशी मापं बघतायत, रेव्हरंड म्हणतायत, "पोटावर जरा घट्ट होतोय, पण पाण्यात सैल पडेल."

आणि किंकाळी फुटली! सोमणवहिनींची. त्या बेळगावच्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या. "अहो, काढा ते! आधी काढा! बुडवणार आहेत तुम्हाला!"

"कोण बुडवणार?"

"हे पाद्रीबाबा! बाप्तिस्मा आहे तुमचा!"

आणि मग सगळ्या माना एकाच वेळी माझ्याकडे वळल्या. पायाखाली ती निळी टाकी असती तर मीच उडी टाकली असती.

"शुभाताई," प्रमिलाताई वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही यांना नेमकं काय विचारलंत?"

मी रेव्हरंडना सांगायला लागले. इमर्शन भास्कररावांचं नाही, ते आमच्या देवाचं. त्यांना काही उमजेना. "पण तो मोठ्या पोटाचा? सगळ्यांचा लाडका? विरघळणारा?"

मी टेबलावरची तसबीर त्यांच्यापुढे धरली. त्यांनी बाप्पाकडे बघितलं. मग झग्यातल्या भास्कररावांकडे बघितलं. पुन्हा बाप्पाकडे बघितलं. आणि तो माणूस जो हसायला लागला! खुर्चीत बसून, गुडघ्यावर हात मारून, भास्कररावांसाठी आणलेल्या टॉवेलने डोळे पुसत हसला. मग आम्ही सगळेच.

हसू ओसरल्यावर भास्करराव झगा सावरत उभे राहिले. आवाज पहिल्यांदाच हळू होता, आणि रेव्हरंडनाही कळावं म्हणून इंग्रजीत बोलले. "या गृहस्थांना मी आज पहिल्यांदाच बघतोय. बसस्टॉपवर चर्चच्या राखणदाराने टाकीचं सांगितलं होतं, तेवढ्यावर ठोकून दिलं. वाटलं, निवडून आलो की जाऊन विचारू." वहिनींनी कपाळावर हात मारला.

"मग आता विचारा ना," रेव्हरंड म्हणाले.

"काय?"

"हॉल. तो मला कुणी विचारलाच नाही."

भास्कररावांनी विचारलं. अगदी शाळकरी मुलासारखं, हात मागे बांधून. रेव्हरंड म्हणाले, टाकी काही देता येणार नाही, एक तर ती पवित्र आहे आणि शिवाय मातीने मोरी तुंबेल. पण हॉल सप्टेंबरात रिकामाच असतो. सभासदांना विचारून सांगतो. मागच्या अंगणात मोठा टब ठेवून विसर्जन केलंत तरी कुणाची हरकत नसावी.

आठवड्याभरात होकार आला. निवडणूक प्रमिलाताई जिंकल्या, आणि त्यांनी पहिलं काम काय केलं? हॉलची सगळी व्यवस्था भास्कररावांकडे सोपवली! तो माणूस असा राबला म्हणता! खुर्च्या मांडल्या, आरास केली, म्हाताऱ्यांना गाडीतून आणलं, पोचवलं. चर्चच्या बायका आरतीला आल्या, झांजा वाजवल्या, मोदक कसा खायचा ते शिकल्या. आमच्या आज्या त्यांच्याशी मराठीत आणि त्या यांच्याशी इंग्रजीत तासन् तास बोलायच्या. कुणाचं काही अडलं नाही.

मग माझी फजिती तिथेच संपली ना, असं तुम्हाला वाटेल.

त्या सभेच्या दिवशी, सगळं निस्तरल्यावर, झगेवाल्या बाई माझ्याजवळ आल्या होत्या. खूप गलका होता. त्या काहीतरी गोड गोड बोलत होत्या. झगा माझ्या खांद्याला लावून बघितला, खालची लांबी बघितली. मी इतकी शरमलेली की त्यांचं एक अक्षर कानात शिरलं नाही. पण इतकी वर्षं इंग्लंडात राहून एक सवय लागते ना! मी हसून मान डोलावत राहिले, "येस, येस! लव्हली! थँक यू!"

पुढच्या रविवारी सकाळी मी निवांत पोहे परतत होते. फोन वाजला. दिलीपने घेतला. थोडा वेळ नुसतं ऐकलं, मग फोनवर हात ठेवून मला हाक मारली.

"शुभा, चर्चमधून एक बाई बोलतायत. झगा आखूड करून ठेवलाय, पाणीही तापलंय. तू किती वाजता येतेस?"