वेल्डिंगच्या काचा

शनिवार, १० फेब्रुवारी १९७३, दुपारचे साडेचार. पिंपळे गुरवच्या गच्चीवरून विमान गेले की ती वेळ अजून डोळ्यांपुढे तरंगते.

दुसऱ्या दिवशी विमानांच्या कसरती पाहायला जायचे होते. लग्नानंतर सुमनला मी प्रथमच बाहेर नेणार होतो. ती मॅट्रिक, मी सातवी नापास वेल्डर. तिच्यापुढे अडाणी ठरू नये, एवढीच धास्ती होती. उन्हाकडे पाहावे लागेल, म्हणून भोसरीच्या कारखान्यातून वेल्डिंगच्या काळ्या काचेचे दोन तुकडे आणून मी कडांना चिकटपट्टी लावली.

अंगणात तिने काच डोळ्यांपुढे धरली. सूर्य हिरवट, नाण्याएवढा दिसला. बाकी सारा काळोख.

"अहो, यातून डोक्यावरची घारसुद्धा दिसत नाही. विमान कसं दिसायचं?"

शेजारचे मेकॅनिक रहीमभाई स्कूटरमागून ओरडले, "राव, विमान बघायचंय का ग्रहण?"

ती पदर तोंडाला लावून हसली. मी काचा गुंडाळू लागलो, तेव्हा हळूच म्हणाली, "गर्दीत माझा हात तेवढा धरा, म्हणजे झालं."

त्या फजितीची लाज केव्हाच विरली. तो हलका आवाज मात्र अजून ऐकू येतो. त्या संध्याकाळी रॉकेल आणि लाकडाचा भुसा घेऊन मी दिवेलागणीपर्यंत नखांतले काळे काढत बसलो.