चंद्र, मुखवटा, मुलगी

कोरियन शिकवणाऱ्या मिसनं माझ्या कपाळावरचा पोट्टू काढला. आमच्याकडं टिकलीला पोट्टू म्हणतात. तो काढून तिनं त्यानंच टिश्यूची एक पट्टी माझ्या नाकाच्या शेंड्याला चिकटवली. पट्टी ओठांपुढं लोंबत राहिली. वर्गातली सगळी माझ्याकडं बघत होती.

"म्हण. थाल. कागद हलला पाहिजे."

मी म्हटलं. कागद हलला नाही.

"परत."

परत म्हटलं. कागद ढिम्म.

"आता ताल म्हण. कागद हलता कामा नये."

तेव्हा मात्र तो हलला. भीतीनं धाप लागली होती, म्हणून हलला. वर्ग खो खो हसला. मिसही हसली. मग तिनं मला उभं राहायला सांगितलं. मी म्हटलं, मिस, पाय दुखतात. ती म्हणाली, "तुज काय, उभं राहायची सवय आहेच."

सवय होतीच. तंजावुरात रेशमी साड्यांच्या दुकानात मी विक्रीला उभी असते. सकाळी शटर वर गेल्यापासून रात्री खाली येईपर्यंत. गिऱ्हाईक बसतं, मालक बसतो, आम्ही मुली उभ्या. अम्मानंही हेच काम केलं, दुसऱ्या दुकानात. आज तिला जिना चढता येत नाही. मला बसून करायचं काम हवं होतं, बस्स. चेन्नईच्या बाजूला कोरियन कारखाने आहेत, तिथं दुभाषी लागतात, त्यांना टेबल असतं, खुर्ची असते. एवढंच ऐकलं आणि मी मिसच्या रविवारच्या वर्गात नाव घातलं. माझे पायही आता संध्याकाळी सुजायला लागले होते. वेळ फार उरला नव्हता.

मिसचं घर पश्चिम वीथीत, राजवाड्याच्या जवळ. तीही मराठी, आम्हीही मराठी. पण तिचे पूर्वज इथल्या मराठा राजाच्या कचेरीत बसून लिहिणारे आणि आमचे घोड्यांच्या मागं धावणारे. राजा गेला, घोडे गेले, हा फरक तेवढा शाबूत राहिला. पहिल्याच दिवशी मी तिच्याशी आमच्या मराठीत बोलले. आपल्या माणसाशी बोलतोय असं वाटून बोलले. तिनं भुवया वर केल्या. म्हणाली, "हे मराठी कोठलं? भाऊला पाऊ म्हणतेस. सैन्यामागनं आलेल्यांचं बोलणं हे." कॉफी आली. सगळ्यांना स्टीलच्या टंबलरमध्ये, मला कागदी कपात. टंबलर कमी पडले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. दर रविवारी कमी पडत होते.

तिच्या वर्गाचा एक नियम होता. चपला आणि तमिळ दाराबाहेर. कोरियन शिकवायची ती मराठीतून आणि फळ्यावर लिहायची देवनागरीत. सांगायची, आपल्याला देवनागरीचं वरदान आहे, तमिळ लोकांना ही अक्षरंच नाहीत. चंद्राला दाल, मुखवट्याला थाल, मुलीला ताल. मुलीच्या वेळी गळा आवळायचा, मुखवट्याच्या वेळी वारा सोडायचा, चंद्राच्या वेळी सैल सोडायचं. ऐकायला सोपं आहे. पण मला देवनागरी वाचता येत नव्हती. आमच्या घरात कुणालाच येत नव्हती. हे सगळं लिहिण्यापुरती ती मी नंतर शिकले, दुकानातल्या दुपारच्या सुट्टीत. तेव्हा मी ऐकायचे आणि तमिळ अक्षरांत उतरवायचे. आणि तमिळमध्ये त, थ, द, ध या सगळ्यांना मिळून एकच अक्षर आहे.

मिसनं एकदा माझी वही उचलली आणि सगळ्यांसमोर वाचली.

"ताल. ताल. ताल."

चंद्र, मुखवटा, मुलगी. तिन्ही एकच. त्या दिवशी जे हसू झालं ते अजून माझ्या कानात आहे. एक मुलगी तर टेबलावर डोकं ठेवून हसत होती. मी पण हसले. तीच माझी सगळ्यात मोठी शरम. त्यांच्याबरोबर मी स्वतःला हसले.

त्यानंतर मी वर्गातली चूक झाले. नवा आवाज शिकवला की मिस मला उभं करायची. "हिचं ऐका. असं म्हणायचं नाही." मग बाकीच्यांनी बरोबर म्हणायचं. आग, गवत, शिंग. कोरियनमध्ये हे तीन वेगळे शब्द, माझ्या तोंडी तिन्ही 'पूल'. झोपणं, थंड, खारट. तीही एकच. मी घरी यायचे, न्हाणीघराचं दार लावायचे आणि फोन तोंडापुढं धरून म्हणत राहायचे. ऐकायचे. पुन्हा म्हणायचे. घसा सोलून निघायचा. कधी वाटायचं जमलं, पण सकाळी तेच पुन्हा सपाट. आरशात जीभ बाहेर काढून बघायचे की हिच्यात काही कमी आहे का. जन्मतःच काही राहून गेलंय का. खरंच असं वाटायचं. अम्मा दारावर टकटक करायची, "काय गं, उलटी होते का तुज?"

त्याच दिवसांत एकदा दुकानात एक गोष्ट लक्षात आली. एक बाई गिऱ्हाईक दुसरीला म्हणत होती, पक्कम, म्हणजे बाजूला. मग म्हणाली, पगल, म्हणजे दिवस. तमिळमध्ये दोन्हींचं अक्षर एकच. पण एकीकडं दोनदा लिहिलं की ते आवळलेलं क्क, आणि शब्दाच्या पोटात एकटं आलं की सैल ग. कोरियनमध्येही तर असंच होत होतं. सैल अक्षर शब्दाच्या पोटात गेलं की मऊ व्हायचं. माझं तोंड हे आयुष्यभर करत आलं होतं. आणि आवळलेला क्क आम्ही रोज भांडताना शंभरदा बोलतो. साडी हातात तशीच धरून मी उभी राहिले. मालक ओरडेपर्यंत.

पुढच्या रविवारी मिसला सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकूनही घेतलं नाही. "तमिळ बाहेर म्हटलं ना मी." एवढंच. माझं म्हणणं बरोबर होतं की अर्धवट, ते मला अजून पक्कं माहीत नाही. शब्दाच्या सुरुवातीला ते तीन आवाज तरीही मला चकवतच होते. पण जीभ सडकी नाही, एवढं त्या दिवशी कळलं.

मग एका आडवारी चेन्नईचा माणूस यायचा ठरला. कारखान्यांना दुभाषी पुरवणारा. मिसच्या वर्गातून तो काही जण निवडणार होता. मी दुकानातून सुट्टी मागितली, शिव्या खाल्ल्या, घेतली. अम्मानं तिची जुनी अबोली रंगाची साडी इस्त्री करून दिली. केसांत मोगरा माळला. बसमध्ये मी ओठ हलवत होते आणि शेजारची म्हातारी मला सरकून जागा देत होती, हिला कसला तरी झटका आलाय असं वाटून.

मिसच्या हॉलमध्ये आईबाप बसले होते. तो माणूस मधल्या खुर्चीत. दोन-चार मुलं बोलून गेली. मग मिसनं मला पुढं बोलावलं. मी आमच्या घराबद्दल चार वाक्यं पाठ करून आले होते. मी अम्माची एकुलती मुलगी आहे, हे त्यातलं पहिलं. त्यात तो नेमका शब्द.

मिस त्या माणसाला म्हणाली, "हिला निवडीत धरूं नका सार. ही फरक दाखवायला. तमिळ तोंडाला काय होतं ते ऐका, मग आमची मुलं ऐका." आणि माझ्याकडं वळून, "म्हण, ती तीन."

म्हणजे मी निवडीत कधीच नव्हते. इतके रविवार. ती मला शिकवत नव्हती, सांभाळत होती. दुकानात आम्ही एक विटकी साडी ठेवतो, तिच्याशेजारी ठेवली की साधी साडीही झळकते. ती विटकी साडी विकायची नसते.

मी तोंड उघडलं. उघडलं आणि मिटलं.

"म्हण ना."

"मिस, मी वर्गातली चूक म्हणून बोलणार नाही."

आमच्या मराठीत बोलले. मोठ्यानं. पाऊवाल्या मराठीत. मागं कुणी तरी फिसकन हसलं आणि थांबलं.

मिसचा चेहरा लाल झाला. "मग कशी बोलशील? तुज दुसरं येतंय काय?"

"नाही येत. शिकायला आले होते."

ती म्हणाली, "मग जा." त्या माणसानं घड्याळ बघितलं. कुणी उठलं नाही. मी चपला घातल्या आणि निघाले. कोपऱ्यापर्यंत ताठ चालले. मग एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून रडले. खूप रडले. ते टेबल, ती खुर्ची गेलीच होती.

घरी अम्मा म्हणाली, "एकदा म्हणून टाकली असतीस तर काय झालं असतं? आपण काय मोठे?" मग म्हणाली, "उद्यां जाऊन पाय धर तिचे." गुडघ्यांना तेल चोळत म्हणाली. तिच्याशी भांडायचं बळ नव्हतं. मी म्हटलं, नाही अम्मा. ती रात्रभर माझ्याशी बोलली नाही. आजही नीट बोलत नाही. दुकानात मी अजून उभीच आहे. पाय सुजतातच. आणि ताल अजून कधी मुलगी होते, कधी चंद्र होतो, माझ्या मनाप्रमाणे नाहीच. चेन्नईत कोरियनची परीक्षा असते, ती मी माझी मी देणार आहे. नापास झाले तर पुन्हा देईन.

काल वर्गातली एक मुलगी साडी घ्यायला दुकानात आली होती. बोलता बोलता सांगून गेली की मिसला नवी सापडली आहे. पापनाशमहून बसनं येते. कागदी कपात कॉफी पिते. मिस तिला उभं करते आणि सगळी हसतात. ती पण हसते, म्हणाली.

ती पण हसते. हे ऐकल्यापासून मला अन्न जात नाही.

तिचं नाव मला माहीत नाही. वर्ग सुटल्यापासून मी रविवारीही दुकानात उभी असते, पण मालकाला सांगून टाकलंय की या रविवारी येणार नाही. काढायचं तर काढ म्हटलं. वर्ग चालू असताना मी मिसच्या दारात जाणार आहे आणि त्या मुलीला बाहेर बोलावणार आहे, सगळ्यांदेखत, आमच्या मराठीत. ती येईल की माझ्यावरच हसेल, ते तिचं. मी हाक मारणार.