बंदुकीसाठी वाढलेली दोन वर्षं

दादा गेल्यावर त्याची दुनाली बंदूक आम्ही कायद्याप्रमाणे काशीच्या कचहरीजवळच्या बंदुकीच्या दुकानात जमा केली. माझ्या आजोबांकडे ती कशी आली याच्या आमच्या घरात तीन कथा आहेत. तिन्हींत एक महाराज आहेत, त्यामुळे माझा एकीवरही विश्वास नाही. दादा तिला वर्षातून एकदा, खंडेनवमीला, पोथ्यांशेजारी पाटावर ठेवून हळदकुंकू वाही. याखेरीज तिने काही काम केल्याचं मला आठवत नाही.

वहिनीला ती घरात परत हवी होती. "ह्यांची एक वस्तू राहू दे, भाऊजी," एवढंच ती म्हणे. परवाना मुलाच्या नावावर करायचं ठरलं. कचेरीतल्या बाबूने जन्मतारखेसाठी त्याची हायस्कूलची मार्कशीट पाहिली आणि परत केली. पुतण्याला एकोणीस पूर्ण होती, लागतात एकवीस. तोवर बंदूक घेता येत नाही, बाळगता येत नाही, काडतूससुद्धा विकत मिळत नाही. मत द्यायला अठरा पुरतात. मुलाचं लग्न आणि बंदूक यांना मात्र सरकारने एकच वय ठेवलं आहे. त्यामागे कुणाचा तरी अनुभव असावा.

वहिनी दोन वर्षं थांबायला तयार होती. पुतण्या नव्हता, आणि तिथेच मला शंका आली. पूजेच्या वेळी हा मुलगा बंदुकीकडे पाठ करून फोन पाहत बसायचा. हल्ली तो एका स्थानिक नेत्याच्या ताफ्यात, मागून दुसऱ्या गाडीत दिसू लागला होता. त्या गाडीत मांडीवर काय आहे यावरून माणसाची जागा ठरते, हे गोदौलियाच्या चौकात उभं राहिलं तरी कळतं.

एके सकाळी तो दुर्गाघाटावर माझ्या खोलीत आला.

"काका, मी एकवीसचा निघालो."

"कधीपासून?"

"बचपन से. आजोबांनी केलेली पत्रिका सापडली, बक्स्यात होती. शाळेत बाबांनी दोन वर्षं कमी लावली असणार. वकील म्हणतो, घरातल्या मोठ्या माणसाचं शपथपत्र दिलं की तारीख दुरुस्त होते. बस एक साइन."

वय कमी लावल्याची गोष्ट खोटी वाटण्यासारखी नव्हती. विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझे निम्मे सहकारी दोन-दोनदा जन्मलेले होते. पण जुना कागद कडांनी आधी पिवळा पडतो. हा मधोमध पिवळा होता आणि त्याला चहाचा वास होता. शाई मात्र कुठेच फिकट झाली नव्हती.

मी सही केली नाही, नाहीही म्हटलं नाही. माझ्या सहीने बंदूक या मुलाच्या मांडीवर जाणार होती आणि तो वहिनीचा एकुलता एक होता. "आईसमोर वाचू," म्हटलं आणि त्याच्याबरोबर निघालो. गल्लीत तो माझ्यापुढे चार पावलं चालत होता.

"वहिनी, याचा जन्म कधीचा?" घरी पोचल्यावर मी विचारलं.

"गोकुळाष्टमीचा आदला दिवस. इस्पितळात बायकांना उद्याच्या उपासाची काळजी, आणि मला याची."

"महिना?"

"श्रावणच की."

"इथे भाद्रपद लिहिलाय."

तिने चष्मा लावून कागद हातात घेतला. इथल्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आम्हा मराठी माणसांचा अमावास्येला. त्यामुळे कृष्णपक्षात आमचा श्रावण चालू असतो तेव्हा शेजाऱ्यांचा भाद्रपद लागलेला असतो. माझे वडील, म्हणजे याचे आजोबा, जन्मले काशीत, गेले काशीत, पण त्या पंधरवड्याला त्यांनी कधी भाद्रपद म्हटलं नाही.

"मामंजी यावरून अर्ध्या घाटाशी भांडलेत," वहिनी म्हणाली. "ते असं लिहितील?"

"इथला महिना आहे आई, सब चलता है."

"कुणी लिहून दिली?"

"नेताजींचा आदमी आहे एक."

"तुझ्यासाठी एवढी मेहनत त्याने का घेतली?"

"लग्नसराई आहे ना. साथ में चलना होता है."

"वरातीत बंदूक?"

"हवा में, आई. सगळेच चालवतात."

"हवेत मारलेली गोळी खाली कुठे येते?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिलं. वहिनीने पत्रिका दुमडली, पण त्याला परत दिली नाही. ती आत गेली आणि कोरे कागद घेऊन आली.

"भाऊजी, अर्ज लिहा. बंदूक आम्हाला नको, काय ती विल्हेवाट लावा म्हणावं."

मला हे अपेक्षित नव्हतं. फार तर ती दोन वर्षं थांबेल, असं मी धरून चाललो होतो. लिहायला बसलो. कारणापाशी पेन थांबलं.

"कारण काय देऊ?"

"मुलगा लहान आहे."

"लहान काय?" तो दारातून म्हणाला. "एकोणीसचा आहे मी."

वहिनीने मान वर केली नाही.

"तेही लिहा," ती मला म्हणाली.