पांढऱ्या दगडापाशी आत्या

आमच्या घरात नवी वस्तू आली की तिला आधी शकूआत्यासमोर हजर व्हावं लागायचं. फ्रिज, मिक्सर, इन्व्हर्टर, शेजारच्या पांडेजींची कार, सगळ्यांच्या कपाळाला आत्याने हळदकुंकू लावलंय. कपाळ नेमकं कुठं ते तीच ठरवायची. माझ्या पहिल्या मोबाईलचं कपाळ तिला चार्जिंगच्या भोकात सापडलं. दुकानवाल्याने पिनेने कुंकू उकरत विचारलं, "भैया, इसकी शादी कब हुई?"

"नवी वस्तू बावरलेली असते रे," आत्या म्हणायची. "तिला वाटलं पाहिजे ना, आपल्याला इथं कोणी ये म्हटलं." आत्याचे यजमान, आमचे काका, डिफेन्स फॅक्टरीत होते. दसऱ्याला तिथं मशीनलाही फुलं वाहतात, तिथूनच तिने हे उचललं असणार. काका गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. आवाज असा की गल्लीतली कुत्री उठून बसत. चूक झाली तर म्हणायची, "बरं झालं मीच होते, दुसरं कोणी असतं तर घाबरलं असतं!" आणि मोकळी. लाज हा शब्द तिला माहीत नसावा, असं मला वाटायचं.

मी पोस्टरं डिझाईन करतो. इथल्या कलादालनात एक मोठं प्रदर्शन लागलं, फिल्म, शिल्प आणि पोस्टर असं तिन्ही मिळून. बाहेरच्या भिंतीवर माझी पोस्टरं होती. मी ऐटीत घरी सांगितलं, "आत्या, उद्घाटनाला ये." आता उद्घाटन म्हटल्यावर आत्या रिकाम्या हाताने कशी येणार?

आतली अंधारी खोली ईशाची. ईशा नागपूरची, तिचं हे पहिलंच प्रदर्शन. भेडाघाटचा पांढरा दगड तिने घासून घासून लोण्यासारखा केला होता, आणि त्यावर प्रोजेक्टरने नर्मदेच्या पाण्याची फिल्म पडायची. दगड श्वास घेतोय असं वाटायचं. मी पोचलो तेव्हा त्या दगडावर ओल्या हळदीची पाच बोटं उमटली होती आणि आत्या डोळे मिटून हात जोडून उभी होती.

"अरे माताजी, ये क्या कर दिया!" गार्ड ओरडला.

त्याचा चेहरा बघून आत्याला काहीतरी कळलं. तिने पिशवीतल्या बाटलीचं पाणी पदरावर ओतलं आणि पुसायला लागली. पाच बोटांचा एक मोठा पिवळा ढग झाला. फिल्ममधलं पाणी वाहत यायचं आणि तिथं येऊन गढूळ व्हायचं.

प्रदर्शन मांडणारे सर पुण्याचे. ते धावत आले. "या बाई कोणाबरोबर आल्यात?"

मी तेव्हा दाराबाहेर सरकून माझं एक पोस्टर सरळ करत होतो. ते सरळच होतं.

आत्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग सरांना म्हणाली, "एकटीच आली जी मी."

त्या संध्याकाळी कलादालनासमोरच्या चहाच्या टपरीवर मी पोरांना आत्याची नक्कल करून दाखवली. बावरलेला दगड, मिटलेले डोळे, ओला पदर, सगळं. पोरं लोळली. ते आठवलं की अजून माझे कान तापतात.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर आत्या दगडाशेजारी उभी.

"आत्या, काहून आली तू?"

"उभी राहून राहिली. तुझं काय जाते?"

जो येईल त्याला ती हळू आवाजात सांगायची, "हा पिवळा डाग माझा आहे. पोरीचं काम साफ होतं." हिंदीवाला असला तर, "दाग मेरा है भैया, बच्ची का नहीं." रोज हेच. पाय सुजले, घरी जेवण अर्ध्यावर आलं, आवाज तर गेलाच. ईशा बिचारी रोज म्हणायची, "असू द्या काकू. होतं असं." आणि प्रत्येक वेळी आत्याचं तोंड आणखी उतरायचं.

सरांनी मग डोकं चालवलं. "ही तर प्रेक्षकाची दाद आहे! शिल्प आता पूर्ण झालं." मला नवं लेबल करायला सांगितलं. मी उत्साहाने केलं, छान टपोऱ्या अक्षरांत: 'संगमरवर, प्रोजेक्शन, हळद.' आत्याने ते वाचलं आणि नखाने खरवडून काढलं.

"अगं आत्या, आता ती चूक राहिलीच नाही! कला झाली."

"अच्छा? मग मी माफी कशाची मागू?" ती म्हणाली. "माझ्यापाशी एक चूकच तर आहे. तीही काढून घेता का तुम्ही लोक?"

शेवटच्या दिवशी माणसं खोकं ठोकत होती. ईशा दगडाला कापड गुंडाळायला बसली. त्या पिवळ्या जागेवर तिने तळवा ठेवला आणि तिथंच थांबली.

"काकू, तुम्ही कोणाला विचारलं का नाही? हात लावायच्या आधी एकदा तरी विचारायचं ना! माझ्या बोटांची सालं निघाली होती हो हे घासताना. आईला हे बघायला इथं आणणार होते. नाही आणलं. मला तुमचा इतका राग आला होता, इतका..." आणि ती रडायलाच लागली.

सर "ईशा, ईशा" करत पुढे झाले. आत्याने हात आडवा केला. "बोलू द्या तिला."

मान खाली घालून तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "चुकलं बेटा माझं."

या वेळी ईशा 'असू द्या' म्हणाली नाही. नुसती मान हलवून तिने नाक पुसलं.

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "चलो, भूक लागली." खोव्याची जलेबी तिने अशी खाल्ली की दुकानदार बघत राहिला. "किती दिवस झाले, कोणी रागवतच नव्हतं मेलं. आता बरं वाटून राहिलं."

माझी जलेबी हातातच होती. "आत्या, त्या दिवशी सरांनी विचारलं तेव्हा मी..."

"माहीत आहे."

"टपरीवर पोरांसमोर पण मी तुझी..."

"तेही माहीत आहे. गार्डने सांगितलं."

"मग रागव ना मला."

तिने बोटांवरचा पाक चाटला. माझ्याकडे पाहिलं.

"असू दे रे," ती म्हणाली. "होतं असं."

त्या थंडीत आत्या गेली. तोवर रोज बोलली, हसली, मला वाढलं. रागावली मात्र नाही.