चार पानांचा प्रबंध

"जागा किती आहे?"

त्यांना काहीही लिहायला सांगा, पहिला प्रश्न हाच. वर्गाच्या पहिल्या दिवशी हजेरीच्या कागदावर सही करतानाही त्यांनी तो विचारला. मग बोटभर चौकोनात नाव, आडनाव आणि तारीख इतकी नेटकी बसवली, की खालच्या ओळीत फराटा मारताना मीच ओशाळले.

नोकरी सुटते पण सवय सुटत नाही, अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. हे गृहस्थ एका दैनिकात तीस वर्षं उपसंपादक होते. वार्ताहरानं पाठवलेली बातमी कापायची आणि पानावर उरलेल्या जागेत बसवायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर आचोळ्याच्या घरात कापायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, किराण्याच्या यादीला हात घातला. 'चांगले निवडलेले शेंगदाणे' मधले पहिले दोन शब्द अनावश्यक म्हणून खोडले आणि दुकानदारानं उरलेल्या शब्दाप्रमाणे माल दिला. ते शेंगदाणे निवडता निवडता काकूंनी ठरवलं, की यांना पीएच.डी.ला घालायचं.

वसईतल्या एका कॉलेजात दर शनिवारी आम्हा पाच जणांचा वर्ग भरायचा. मी विरारच्या एका शाळेत शिकवते; चंदनसारहून यायचे. विषय होता माध्यमांच्या संशोधनासाठी डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस. म्हणजे बातमी काय सांगते एवढंच न बघता ती कशी सांगते, कोणाचं बोलणं घेते आणि कोणाचं गाळते, ते शोधायचं. शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या. त्या यांना सर म्हणायच्या, हे त्यांना मॅडम म्हणायचे. दारात कोण आधी आत जाणार यावर दोघांचा दर शनिवारी एक मिनिट जायचं.

पहिलं प्रकरण लिहून आणायचं होतं. आम्ही चाळीस-चाळीस पानं आणली. त्यांनी चार.

"सर, बाकीचं?"

"संपलं."

"अहो, ही बातमी नाही, प्रबंध आहे."

"वाचणार कोण?"

"परीक्षक."

"किती जण?"

"दोन."

"मग दोन माणसांना चार पानं भरपूर झाली!"

मॅडमनी त्यांना चाळीस पानं आणायला सांगितली. पुढच्या शनिवारी साडेपाच आली. वाढलेलं दीड पान लिहिताना रात्री झोप लागली नाही, असं ते म्हणाले. मला ते खरं वाटलं.

मुलाखत ऐकून कागदावर उतरवायच्या दिवशी तर फारच गंमत झाली. नियम असा, की माणूस जसा बोलला तसंच लिहायचं. अडखळला तर अडखळणं, थांबला तर थांबणंसुद्धा. मॅडमनी मासळी विकणाऱ्या एका बाईंची मुलाखत ऐकवली. आम्ही कागद दिले. यांच्या कागदावर सगळीकडे 'पाणी' होतं.

"सर, त्या 'पानी' म्हणाल्या."

"चुकून म्हणाल्या असतील."

"प्रत्येक वेळी?"

त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं. मी शेजारीच होते. 'पानी' लिहिलं, की त्यांचा डावा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे जायचा. शेवटी ते पेन त्यांनी माझ्याकडे दिलं. "हे तुम्ही ठेवा. माझा माझ्यावर भरवसा नाही."

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी मॅडमनी सरावासाठी एक जुनी बातमी वाटली. तीन वाक्यांची. मथळा होता, 'टँकर रोखल्याने वाहतूक विस्कळीत'. काही महिलांनी टँकर अडवला, वाहनांची रांग लागली, पोलिसांनी रस्ता मोकळा केला. एवढंच. यात काय नाही ते सांगा, असं मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, बायकांची नावं नाहीत. दुसरा म्हणाला, टँकर का अडवला ते नाही. तिसऱ्यानं आणखी काही सांगितलं. हे मात्र शाळेत चूक सापडलेल्या मुलासारखे कागदाकडे बघत बसलेले.

"सर, तुम्हाला काय वाटतं?"

"ही मी कापलेली आहे," ते म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"त्यात एका बाईंचं बोलणं होतं. सात-आठ ओळी. ऐन वेळी जाहिरात आली." त्यांनी कागद उलटा ठेवला. "काय बोलल्या होत्या, ते आठवत नाही."

त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही.

आठवड्यानं त्यांचा मला फोन आला. "टँकरच्या त्या गावात जातोय. येता का? दोन कान जास्तीचे असले तर बरं."

वटारच्याही पुढे भाताच्या खाचरांमधलं ते गाव. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी गेले. ज्यांनी बातमी पाठवली होती ते वार्ताहर कधीच दुसरीकडे गेले होते, त्यामुळे त्या बाईंचं नाव माहीत नव्हतं. पण गावात शिरून "पूर्वी टँकर कोणी अडवला होता?" एवढं विचारलं मात्र, तीन माणसांनी एकाच घराकडे हात केला.

सत्तरीच्या बाई ओटीवर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. यांनी पेपरात होतो म्हणून सांगितलं. बाईंनी सूप खाली ठेवलं.

"तवा का नाय आलास?"

"तेव्हा मी ऑफिसात बसायचो. तुमचं बोलणं मीच कापलं. ते परत सांगाल का?"

मला वाटलं, बाई आता हाकलतात. पण त्यांनी आत हाक मारून सुनेला चहा टाकायला सांगितला आणि सुरुवात केली.

"मी म्हनलं होतं, ह्यो टँकर आमच्या गावचं पानी उपसून नेतोय. उद्या आमची विहीर आटली की आमी टँकर मागवनार. आनि त्यात पानी कोनाचं? आमचंच!"

दोन तास त्या बोलल्या. विहीर, टँकरवाला, पोलीस, मध्येच धाकट्या जावेशी झालेलं भांडण, आणि परत विहीर. जावेच्या भांडणाचा संशोधनाशी काही संबंध नव्हता. यांनी ते सगळं उतरवलं, तेही 'पानी'सकट. बाई दम खायला थांबल्या, तर यांनी तीन टिंबं दिली.

मग खरी पंचाईत झाली मॅडमची. प्रबंध वाढायला लागला. ते पुन्हा पुन्हा त्या गावात गेले, टँकर अडवणाऱ्या इतर बायकांनाही भेटले, आणि प्रत्येकीचं बोलणं अथपासून इतिपर्यंत आणलं.

"सर, हे जरा आटोपतं घ्या," मॅडम काकुळतीला येऊन म्हणाल्या.

"नाही."

"निदान जावेचं भांडण?"

"मी एकदा ठरवलं होतं काय महत्त्वाचं ते," ते म्हणाले. "आता पुन्हा नाही ठरवणार."

भांडण परिशिष्टात राहिलं.

आता ते इथे नाहीत. पदवी घेऊन काकूंबरोबर देवरुखकडच्या आपल्या गावी राहायला गेले. फोन केला तर काकूच उचलतात. हे कोणाच्या तरी ओटीवर बोलणं ऐकत बसलेले असतात. शनिवारी दुपारी मला त्यांची फार आठवण येते, आणि ती त्यांच्या तोंडी परीक्षेच्या दिवसाची असते.

परीक्षा खुली होती. बाई सून, जाऊ आणि सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, पिशवी घेऊन शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "या बातमीत वाहतुकीला इतकं महत्त्व का मिळालं असावं?"

यांनी घसा साफ केला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"कसली वाहतूक? रस्त्यात त्यो टँकर होता नि आमी होतो. त्याच्या मागं एक सायकलवाला. त्यो पन उतरून आमच्यात बसला."

हॉलमध्ये हशा पिकला. मॅडमनी डोक्याला हात लावला. परीक्षक हसू आवरत म्हणाले, "हे प्रबंधात कुठे आहे?"

पण ऐकायला ते समोर होतेच कुठे? परीक्षकांकडे पाठ करून ते केव्हाच शेवटच्या रांगेपाशी पोचले होते. बाईंसमोर गुडघ्यावर कागद ठेवून, खाली बसून म्हणत होते, "सायकलवाला कोण होता? सावकाश सांगा."